चार नटांवरचा लाल रंग

१

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याच्या संध्याकाळी सुरत घरात बसत नाही. घारीची मिठाई आणि भुसू म्हणजे फरसाण यांचे डबे घेऊन लोक डुमसच्या किनाऱ्याच्या रस्त्याला लागतात. त्याच गर्दीत गोपाल देवरेच्या स्पोर्ट्स कारचं ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक धावता धावता आत दुमडलं. गाडी दुभाजकाला धडकून उलटली. लोकांनी पत्रा कापून त्याला बाहेर काढलं, तेव्हा तो शुद्धीवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती गाडी पोलीस चौकीच्या आवारात ताडपत्रीखाली पडली होती आणि वृषाली तायडे तिच्यापुढे उकिडवी बसली होती. मोडलेली गाडी तपासून ती का मोडली ते सांगायचं, हा वृषालीचा धंदा. कधी विमा कंपनी बोलावते, कधी पोलीस. वडील रेल्वेत होते म्हणून ती उधन्याला वाढली, सुरतेतच इंजिनियर झाली, आणि चौकीतल्या लोकांना तिची सवय झाली होती.

"बेन, साफ केस आहे," फौजदार म्हणाले. ते गुजराती होते, पण मराठी वस्तीच्या लिंबायतमध्ये नोकरी करून मराठी शिकले होते. "मेकॅनिक आत बसवलाय. तुम्ही फक्त तुमचं मत द्या."

"साफ असती तर मला कशाला बोलावलंत?"

फौजदार हसले आणि खुर्ची सावलीत ओढून बसले.

गाडीच्या स्प्रिंगा आखूड करून ती जमिनीलगत बसवलेली होती. गाडी अशी खाली बसवली की पुढची चाकं वरच्या बाजूने आत कलतात आणि टायर आतल्या कडेने झिजून जातात. तो कल काढायचा, तर चाकाला वरून धरणारा आर्म बदलावा लागतो. लांबी कमी-जास्त करता येईल असा घालावा लागतो. गोपालच्या गाडीला तसे दोन नवे आर्म होते. प्रत्येकात मधे जाड नळी, तिच्या दोन टोकांत आट्यांचे दांडे, आणि नळी जागची हलू नये म्हणून दोन्ही टोकांना एकेक नट. दोन आर्मचे मिळून चार नट.

ड्रायव्हरच्या बाजूचा आर्म सुटला होता. एका टोकाचा दांडा नळीतून उपटून आला होता आणि त्याचे आटे घासून गुळगुळीत झाले होते. त्या टोकाचा नट सैल होता, दुसऱ्या टोकाचा घट्ट. नट सैल, म्हणजे प्रत्येक खड्ड्याला दांडा नळीत ठोके खाणार. काही दिवस खाईल आणि मग हात सोडेल.

वृषाली दुसऱ्या बाजूला गेली. तिकडचा आर्म शाबूत होता. नट आवळल्यावर तो हलला तर कळावं म्हणून मेकॅनिक नटावरून नळीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारतात, तशी रेघ इथेही होती. एका टोकाच्या नटाची रेघ जवळपास जुळलेली होती. नट केसभरच पुढे गेला होता, आणि घट्ट होता. दुसऱ्या टोकाचा नट अर्धा फेरा सुटलेला होता.

आणखी एक गोष्ट तिला दिसली. चारही नटांच्या कडांना लालसर काहीतरी लागलेलं होतं. गंज लागू नये म्हणून लोखंडाला लावतात तो लाल रंग असेल, असं तिला वाटलं. तिने रुमालाने थोडा पुसून घेतला.

"दोन्ही बाजूंचा एकेक नट सैल," ती म्हणाली. "आपोआप दोन्हीकडचा नेमका एकेकच नट सुटत नाही. कुणीतरी पाना लावलाय."

"तेच तर," फौजदार म्हणाले. "आणि कुणी लावला तेही ठाऊक आहे. दसऱ्याला गाडी गॅरेजमधून निघाली. निघाल्या निघाल्या त्या मेकॅनिकने गोपालला दोन वेळा फोन केला. 'गाडी परत आण' म्हणाला. का, ते सांगेना. नट सैल आहे हे त्याला माहीत होतं, बेन. ज्याने सैल केला त्यालाच ते माहीत असणार. उद्या कोर्टात उभा करतोय. खुनाचा प्रयत्न. पोरगा दवाखान्यात दगावला, तर खून."

२

योगराज महालेच्या नखांत काळं ग्रीस होतं आणि दाढी वाढलेली होती. डिंडोलीत त्याचं छोटं गॅरेज होतं. गोपाल आणि तो लिंबायतच्या एकाच चाळीत खेळून मोठे झालेले.

वृषालीने आधी आर्मबद्दलच विचारलं. त्या प्रश्नाला तो बोलता झाला.

"हाच आर्म का घेतला?"

"गोपालला गाडी कधी खाली हवी असते, कधी जरा वर. लग्नाची वरात म्हटली की खाली, पावसाळ्यात वर. उंची बदलली की चाकाचा कल बदलतो. दुसऱ्या जातीचा आर्म दर वेळी खोलून काढावा लागतो. हा जागेवर फिरतो. नळी फिरवली की दोन्ही दांडे एकदम बाहेर येतात, नाहीतर एकदम आत जातात."

"आवाज करतो पण. रबर नाही त्यात."

"आवाज करतो. धूळही खातो. मी सांगितलं होतं गोपालला. म्हणाला, करू दे आवाज, टायर वाचू दे."

"रेघ तू मारलीस?"

"हो."

"नट आवळून?"

"मग काय सैल नटावर मारू? रांगोळी आहे का ती?" तो एकदम चिडला आणि तितक्याच पटकन विझला.

"म्हणजे तुझ्यानंतर कुणीतरी पाना लावला. कोणी?"

योगराज नखांतलं ग्रीस खरवडू लागला.

"फोन का केलास?"

त्याने मान फिरवली.

"अरे, तुझं गॅरेज जाईल. तू आत जाशील. गोपाल वाचला नाही तर पुष्कळ वर्षांसाठी जाशील. कळतंय का?"

"माझीच चूक आहे, ताई. तसं लिहा."

"चूक, की मुद्दाम?"

ती उठली, तेव्हा त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

"ताई, एक करा. डिंडोलीला माझ्या घरी जाऊ नका. तिथे कुणाला काही माहीत नाही."

ज्या घरात कुणाला काही माहीत नाही, तिथे जाऊ नका म्हणून कुणी हात जोडत नाही. वृषालीने हे मनात ठेवलं.

३

दगाशेठ दवाखान्यात अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसले होते. गोपालचे वडील. तरुणपणी धुळ्याकडून येऊन लिंबायतमध्ये यंत्रमागावर कामाला लागले. आता साड्यांवर भरतकाम करणारी दोन युनिटं होती. पण बसण्याची पद्धत अजून मागवाल्याचीच होती, एक पाय वर घेऊन. शेजारी सून मयुरी होती.

"जळत होता तो," दगाशेठ म्हणाले. "एका चाळीतले दोघे. एक गाडीत बसतो, एक गाडीखाली झोपतो. जळणार नाही?"

"आजवर कधी तसा वागला होता?"

"नाही. म्हणूनच तर भरोसा केला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "त्याच्या बापाकडे बघून केला. लोटू आप्पा. ताई, तुम्हाला नाही माहीत. आम्ही सगळे त्यांच्या हाताखाली शिकलो. माग दुरुस्त ठेवणारे अख्ख्या लिंबायतचे जॉबर एका बाजूला आणि आप्पा एका बाजूला. बंद पडलेल्या मागावर नुसता हात ठेवून सांगायचे, कुठे सैल आहे. अशा माणसाच्या पोटी असं पोर निघावं!"

"पोरगं बदललंय, शेठ, की हा आपला राग बोलतोय?"

दगाशेठनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "आत काचेतून बघून या, मग विचारा."

वृषाली काचेपाशी जाऊन आली. तिने परत तो प्रश्न विचारला नाही.

"दसऱ्याला गाडी गॅरेजमधून निघताना तुम्ही तिथे होतात?"

"होतो. मी, गोपाल, मयुरी. पूजा झाली, सोनं वाटलं, आणि मीच गोपालला म्हटलं, चल, लगेच गाडी मंदिरात ने, मुहूर्त आहे."

"योगराजशी भांडण झालेला कुणी होता तिथे?"

"तो महेश होता की. पर्वत पाटियाला दुकान आहे त्याचं, गाडीचे पार्ट विकतो. त्याचा आर्म गोपालने घेतला नाही. सगळ्यांसमोर बोलला, 'हा आर्म चार बंप काढणार नाही.' पण मी कशाला खोटं सांगू? फोन महेशने नाही केला. योगराजने केला."

मयुरी इतका वेळ गप्प होती. ती वृषालीबरोबर लिफ्टपर्यंत आली.

"फोन गाडीच्या स्पीकरवर होता," ती म्हणाली. "दोन्ही वेळा मी ऐकला. पप्पा म्हणतात तसा तो धमकीचा नव्हता. बारीक आवाजात बोलत होता. 'गोप्या, आजच आण परत. काही नाही रे, जरा बघायचंय.' गोपाल म्हणाला, काय बघायचंय? तर हा गप्प. शेजारी कुणी उभं असलं की माणूस बोलतो ना, तसा."

४

दुकानात महेशने आधी वृषालीसाठी खुर्ची पुसली आणि मग स्वतःच्या कपाळाचा घाम पुसला.

"वृषालीबेन, बोललो, कबूल. रागात बोललो. पण आर्म खराब आहे असं नव्हतं माझं म्हणणं. खाली बसवलेल्या गाडीला दोनच रस्ते आहेत." त्याने काउंटरखालून एक आर्म काढून ठेवला. "हा माझा. लांबी बदलायची तर खोला, एक टोक फिरवा, परत लावा. कटकट आहे, पण सगळे आटे सरळ. योगराजचा जागेवर फिरतो. तो जागेवर फिरायचा, तर एका टोकाला सरळ आटे पाहिजेत आणि दुसऱ्या टोकाला उलटे. त्याशिवाय दोन्ही दांडे एकदम बाहेर कसे येतील? उलट्या आट्याचा नट डावीकडे आवळतो. उद्या गाडी रस्त्यात कुठल्या पंक्चरवाल्याकडे गेली, त्याला काय कळणार? एवढंच माझं म्हणणं होतं."

"मग 'चार बंप' म्हणायची काय गरज होती?"

"गिऱ्हाईक गेलं ना, बेन! जिभेला हाड आहे का?"

"त्या दिवशी तू गाडीला हात लावलास?"

"मी?" महेश उभाच राहिला. "दसऱ्याला पाना उचलीन मी? दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये? पूजेला मांडलेला? आमच्या खानदेशात पूजेतलं हत्यार घरच्या वडिलाने उचलल्याशिवाय कुणी उचलत नाही. मी आपट्याची पानं दिली, जिलेबी खाल्ली आणि निघालो. सगळे पाने तेव्हा पाटावर होते. हळद, कुंकू, फुलं वाहिलेले."

वृषालीच्या घरी दसऱ्याला पांढरे कपडे घालून विहारात जायची पद्धत. हत्यारांची पूजा तिने लांबूनच पाहिलेली. तिने पर्समधून रुमाल काढला आणि त्यावरचा लाल डाग बोटाने चोळला. रंगाचा पापुद्रा निघाला असता; हा डाग बोटावर भुकटीसारखा उतरला. तिने तो महेशच्या पुढे धरला.

"हे काय आहे?"

महेशने वास घेतला. "कुंकू. तेलात कालवलेलं. पान्यांना असंच लावतात."

"मग नटांवर कसं आलं?"

पूजा झाल्यावर, पाटावरचा पाना उचलून, कुणीतरी त्या चार नटांना लावला होता. आणि तो पाना उचलायचा मान कुणाचा, ते महेशने आत्ताच सांगितलं होतं.

५

डिंडोलीच्या दोन खोल्यांत लोटू आप्पा खाटेवर बसले होते. उंच, हाडापेराचा म्हातारा, धुतलेला सदरा. पायांवर मोजे होते. गरमी असूनही मोजे होते, हे वृषालीने पाहिलं.

"बठ, माय," योगराजची आई सुभद्राबाई अहिराणीत म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते. "मना पोऱ्यानी काहीच करं नही. तुम्ही साहेबले सांगा."

"तू चहा टाक आधी," आप्पा म्हणाले. बाहेरच्या माणसांसमोर ते मराठीत बोलत. "पोरगं आत आहे म्हणून पाहुण्याला उपाशी ठेवायचं का?"

"तुमले कसलीच काळजी नही!"

"काळजीनं स्टोव्ह पेटतो का, बाई?"

वृषालीने दसऱ्याचं विचारलं. आप्पांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ऊन आलं.

"दगाशेठचा मोठेपणा बघा. एवढा मोठा झाला, पण रीत विसरला नाही. आमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, नवा माग बसला किंवा दसऱ्याची पूजा झाली, की माग सुरू करायच्या आधी जॉबर प्रत्येक नटाला एकदा पाना लावून जायचा. नट आवळलेलाच असायचा. तरी एक हात. त्याला आम्ही 'हात लावणं' म्हणायचो. कारागीर बाजूला उभे राहायचे. जॉबरचा हात लागला की माग वर्षभर रुसत नाही, असं म्हणायचे."

"मग या दसऱ्याला?"

"या दसऱ्याला गाडी निघायची वेळ झाली आणि दगा म्हणाला, 'आप्पा, तुमचा हात लागल्याशिवाय माझ्या पोराची गाडी हलणार नाही.' चारचौघांत म्हणाला. मी म्हटलं, अरे, माग वेगळा, मोटार वेगळी. ऐकेना. मग मी पाना उचलला. चाकं काढलेलीच नव्हती, पण योगराजनं गाडी वर उचलून धरली होती. खालून हात जात होता. चारही नटांना लावला."

"योगराज कुठे होता तेव्हा?"

"माझ्या शेजारी. बॅटरी धरून." आप्पा थांबले. "काहीतरी पुटपुटला तो. मी म्हटलं, गप रे, तुझ्या जन्माच्या आधीपासून नट आवळतोय मी. सगळे हसले."

सुभद्राबाईंनी चहा आणला. उकळता, काचेच्या पेल्यांत. वृषालीने पेला उचलला आणि लगेच खाली ठेवला, बोटं भाजली. सुभद्राबाई पदराने धरून पीत होत्या. आप्पांनी पेला उघड्या मुठीत धरला होता. त्याला सवयीने फुंकर घालत होते, आणि मूठ सोडत नव्हते.

"आप्पा, हात भाजेल," वृषाली म्हणाली.

सुभद्राबाईंनी चटकन नवऱ्याच्या हातातला पेला काढून घेतला. तळहात लालबुंद झाला होता. आप्पांनी तो मांडीखाली घेतला आणि खिडकीकडे बघू लागले.

"साखर शे त्यास्ले," सुभद्राबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मंग पायले समजत नही, हातले समजत नही. कोणले सांगू नका, माय. लोके त्यास्ना हातनं नाव लेतस."

६

वृषाली चौकीत परत आली तेव्हा उन्हं कलली होती. आधी ताडपत्री उचलून तिने चारही नटांचे आटे कुठल्या दिशेचे ते पाहिलं. वाटेत तिने दोन फोन केले. मग योगराजसमोर जाऊन बसली आणि चार नटांसाठी चार बोटं मेजावर ठेवली.

"मी सांगते, तू फक्त चुकलं तिथे थांबव. चार नट. दोन सरळ आट्यांचे, दोन उलट्या. सरळ आट्याचे दोन्ही घट्ट आहेत, वर आणखी केसभर पुढे गेलेत. उलट्या आट्याचे दोन्ही सैल झालेत. ज्याला गाडी मोडायची होती आणि आटे माहीत होते, त्याने चारही सैल केले असते. ज्याला मोडायची होती पण आटे माहीत नव्हते, त्याने चारही नट सैल करायच्या दिशेला फिरवले असते. मग सरळ आट्याचे दोन सुटले असते आणि उलट्याचे दोन आवळले गेले असते. इथे बरोबर त्याच्या उलट झालंय. म्हणजे त्या हाताने चारही नट आवळायच्याच दिशेला फिरवले. त्याला गाडी मोडायची नव्हती. जपायची होती."

योगराजची नजर तिच्या बोटांवर होती.

"तू आर्म निवडलास. कुठला आटा उलटा ते तुला झोपेतही ठाऊक. म्हणजे तो हात तुझा नाही. नटांना पूजेचं कुंकू लागलंय. पूजेतला पाना वडीलच उचलतात. नट आवळतोय की सुटतोय, हे कुठल्याही जॉबरच्या हाताला कळतं. पण या हाताला कळलं नाही. का, ते मी आत्ता चहा पिताना बघून आले."

"मी म्हटलं होतं, डिंडोलीला जाऊ नका."

"म्हणूनच गेले."

त्याने आपले हात मेजावर पालथे ठेवले. मग तो बोलला.

"मी म्हटलं, आप्पा, तो उलटा आहे. पुटपुटलो. त्यांनी गप केलं आणि सगळे हसले. दगाशेठ होते, वहिनी होत्या, शेजारपाजारची माणसं होती. त्या सगळ्यांसमोर आप्पांच्या हातावर मी परत पाना फिरवू? दगाशेठना मग काय कळलं असतं? की आप्पांचा हात गेलाय. ताई, त्या हाताशिवाय आप्पांकडे काय आहे? लोक अजून बोलावतात. पूजेला, नवा माग बसवताना. म्हटलं, लोक गेले की मी आवळीन. तर शेठनी गोपालला तसाच गाडीत बसवला."

"मग फोन केलास."

"आप्पा शेजारी उभे होते. 'नट सैल आहे' म्हटलं असतं, तर गोप्याने विचारलं असतं, आप्पांनी आवळला तो सैल कसा? काय सांगू? दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. तो मित्रांबरोबर दमणला गेलेला. पुन्हा फोन करायचा राहिला. राहिला म्हणजे, उचलायचो आणि ठेवायचो. अर्धा फेरा सैल आहे, धरेल, असं स्वतःला समजावलं. परत आला की बघू, म्हटलं." त्याने कपाळ मेजावर टेकवलं. "परत आला तो थेट डुमसला गेला."

वृषालीला त्याचा राग आला होता आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवावासाही वाटत होता. तिने दोन्ही केलं नाही.

"ताई, तुम्ही लिहा की मी आवळायला विसरलो," तो म्हणाला. "मी जाईन आत. जेवढी होईल तेवढी भोगीन. आप्पांना यात आणू नका. त्यांना माहीतच नाही. त्यांना वाटतं त्यांनी आशीर्वाद दिला."

"तू विसरलास असं लिहिलं, तर पांढरी रेघ मला खोटं पाडेल. आणि साहेब म्हणतील, विसरला होता तर फोन का केला? फोन आहे तोवर तुझी विसरण्याची गोष्ट कुणी मानणार नाही. खरं सांगितलं तरच खुनाचं कलम निघतं."

"मग नाही निघालं तरी चालेल."

दाराबाहेर काठीचा आवाज आला.

७

वृषालीने केलेल्या दोन फोनांपैकी एक दगाशेठना होता, दुसरा आप्पांना निरोप द्यायला डिंडोलीच्या शेजाऱ्यांकडे. आप्पा काठी टेकत, सुभद्राबाईंचा आधार घेऊन आत आले. दगाशेठ मागून आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. आप्पांनी आत येताच योगराजकडे न बघता फौजदारांना रामराम केला.

"साहेब, या ताई माझ्या घरी आल्या होत्या. चहा अर्धा टाकून गेल्या. तेव्हापासून मी विचार करतोय. मला एकदा तो नट दाखवा."

फौजदारांनी वृषालीकडे पाहिलं. तिने मान हलवली. शिपायाने गाडीच्या शाबूत बाजूचा आर्म खोलून आणला होता, तो मेजावर ठेवला. वृषालीने उलट्या आट्याचा नट हाताने फिरवून नळीला टेकवला, पाना लावून आवळला आणि पाना आप्पांच्या हातात दिला.

"आप्पा, नका," योगराज म्हणाला.

आप्पांनी पाना बसवला आणि आवळायला म्हणून फिरवला. नट करकरला आणि सुटला. त्यांनी आणखी फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, कारण हाताने त्यांना काही सांगितलं नाही. मग ते खाली वाकले आणि डोळ्यांनी बघितलं. नट आणि नळी यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसत होता.

आप्पांनी पाना मेजावर ठेवला. ठेवताना तो घसरून खाली पडला, तो कुणी उचलला नाही.

वृषालीने फौजदारांना सगळं एकामागून एक सांगितलं. चार नट, दोन दिशा, कुंकू, फोन. दगाशेठ ऐकत होते. ती 'हात लावण्या'पाशी आली तेव्हा ते भिंत सोडून सरळ उभे राहिले.

"मीच म्हटलं," ते म्हणाले. "मीच बोलावलं होतं आप्पांना." मग ते योगराजकडे वळले. "तू बोलायचंस ना रे. माझा पोरगा... आत्ता दुपारी त्याने डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, जगेल. पण गुडघ्याखालचा पाय राहणार नाही. तू एक शब्द बोलायचास!"

योगराजने त्यांच्याकडे बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

फौजदारांनी टोपी काढून मेजावर ठेवली. "खुनाचा प्रयत्न निघेल," ते म्हणाले. "पण हा सुटत नाही. धोका ठाऊक असून सांगितला नाही, त्याचं कलम लागेल. जामीन होईल."

"माझं नाव लिहा साहेब," आप्पा म्हणाले. "हात माझा होता. आणि हात गेलाय हे मला ठाऊक होतं. दगाने बोलावलं तेव्हा मला 'नाही' म्हणता आलं असतं. पोराने काही लपवलं असेल तर माझं लपवलंय."

"आप्पा, तुम्हाला कुठे माहीत होतं की आटा उलटा..." योगराजने बोलायला सुरुवात केली.

"तुला माहीत होतं ना?"

दगाशेठ बाहेर गेले. दवाखान्यात जायला हवं होतं. त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सुभद्राबाई दारापर्यंत त्यांच्या मागे गेल्या आणि तिथेच चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

आप्पा बाकावर मुलाच्या शेजारी बसले. बाहेरची माणसं आता त्यांच्या लेखी उरली नव्हती. ते अहिराणीत बोलले.

"तू माले तठेच सांगाले पाहिजे व्हतं."

"चारचौघांमा, आप्पा?"

"चारचौघांमा." आप्पांनी आपला भाजलेला तळहात उघडून स्वतःच्याच मांडीवर ठेवला. मग मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी रागावलो असतो. शिव्या दिल्या असत्या. दिवाळीपर्यंत तुझ्याशी बोललो नसतो. मग बोललो असतो, बाळा."